रिकामी चौकट म्हणजे चार

"कम्प्युटरनं पाह्यलं का, बंडी कोनं खाली केली ते?"

काट्याच्या खिडकीत पावती आपटून एका काकांनी हा सवाल केला, आणि दिवाणजींकडे उत्तर नव्हतं. मी तेव्हा तिथे नव्हतो. दिवाणजींनी दुपारी फोनवर सांगितलं तेवढंच मला कळलं. काकांचा कापूस ६ क्विंटल ४० किलो भरला होता. बंडी, म्हणजे बैलगाडी, त्यांच्या मुलानं आणि पुतण्यानं खाली केली होती, तरी पावतीत हमाली कापलेली. क्विंटलला २० रुपयांप्रमाणे १२८ रुपये. "माह्या पोट्ट्यायनं खाली केली. तुमच्या हमालाचा हातबी नाई लागला. मंग हमाली कायची?" दिवाणजी म्हणाले, कम्प्युटरनं कापली. त्यावर काकांनी वरचा सवाल केला.

तो प्रोग्राम माझा होता, म्हणून हे प्रकरण मीच लिहून ठेवतोय.

जागा यवतमाळ जिल्ह्यातली, पांढरकवड्याकडची. कापसाची एक खाजगी जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारी गिरणी. नाव घेत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. दिवाळी झाली की इथे गाड्यांची रांग लागते: पिकअप, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, जवळच्या गावांतून बंड्या. भरलेल्या गाडीचं वजन, मग गाडी खाली होते, मग रिकाम्या गाडीचं वजन. मधल्या वेळात मीटर खुपसून ओलावा बघायचा, कवडी (किडका, डागाळलेला कापूस) किती आहे ते नजरेनं ठरवायचं, भाव बोलायचा. हे सगळं आधी कार्बन लावलेल्या पावतीपुस्तकात चालायचं. काट्यावरची ताई हुशार, पण हंगामात दिवसाला शंभरेक पावत्या, आणि संध्याकाळी बेरीज जुळवताना रात्र व्हायची. म्हणून मला एक छोटी खिडकी करून द्यायला सांगितलं: नाव, गाव, भरलेलं वजन, रिकामं वजन, ओलावा, भाव, आणि खाली चार-पाच चौकटी. खूण केली की हो, नाही केली की नाही.

मशीन जुनं, विंडोज ७ चं. त्यावर काही बसवायचं म्हटलं की ते दम टाकतं. म्हणून मी ऑटोइट वापरलं. जोनाथन बेनेट यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली ही फुकट स्क्रिप्टिंग भाषा. मूळ काम विंडोजवरची बटणं आपोआप दाबायचं, पण स्वतःच्या खिडक्याही तिच्यात करता येतात. स्क्रिप्टची एकच फाइल बनते, पेनड्राइव्हवर नेली की चालते. (अँटिव्हायरस मात्र अशा फाइलला चोर समजून कोंडून ठेवतो. पहिला अर्धा दिवस माझा त्याची समजूत घालण्यात गेला. दुसरा अर्धा, मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं का येतात ते शोधण्यात. यूटीएफ-८ आणि यूटीएफ-१६ या अक्षरं साठवायच्या दोन रीती. स्क्रिप्टची फाइल पहिलीत आणि सेटिंगची आयएनआय फाइल दुसरीत ठेवली तेव्हा अक्षरं उमटली.)

चौकटींपैकी एक होती "हमाली". जिनिंगच्या हमालांनी गाडी खाली केली तर खूण, शेतकऱ्याच्या घरच्यांनी केली तर रिकामी. सेव्ह दाबलं की स्क्रिप्ट चौकट वाचणार आणि त्याप्रमाणे कापणार. ती ओळ मराठीत सांगायची तर अशी होती: जर जीयूआय-कंट्रोल-रीड (हमाली), तर कपात.

वाचायला किती सरळ! चौकट वाच, खूण असेल तर काप. घरी मी ती तपासली होती, म्हणजे खूण केली, सेव्ह दाबलं, कपात आली, खूश झालो. खूण न करता सेव्ह दाबून बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर दोन मिनिटांत उघडं पडलं असतं.

संध्याकाळी गाडी काढून गेलो. ताईनं समोरच दाखवलं: चौकट रिकामी, सेव्ह, कपात. माझा पहिला अंदाज असा की रीड हे फंक्शन चौकटीतलं काही भलतंच वाचतंय. आपल्याला हवी चौकटीची 'स्टेट', म्हणजे अवस्था, आणि त्यासाठी जीयूआय-कंट्रोल-गेट-स्टेट नावाचं वेगळं फंक्शन आहेच की. ते लावलं. तरीही कपात. मग आलेला आकडा पडद्यावर दाखवायला लावला: ८०. खूण केली: ८०. खूण काढली: ८०. ताई म्हणाली, "सर, हा तर ओलाव्यापेक्षा जास्त झाला." हसायला आलं, पण बुद्धी पण तेव्हाच चालली. ८० म्हणजे १६ अधिक ६४. ऑटोइटमध्ये १६ म्हणजे 'दिसतंय', ६४ म्हणजे 'चालू आहे'. हे फंक्शन एवढंच सांगतं की चौकट पडद्यावर दिसते आहे आणि दाबता येते. खूण आहे की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

मग रीड परत लावलं आणि त्याचा आकडा दाखवला. खूण असताना १. खूण नसताना ४.

४! शून्य नाही. आणि 'जर' या शब्दाला शून्य सोडून कुठलाही आकडा दिला की तो 'हो' समजतो. म्हणजे माझी ओळ खूण असो वा नसो, कापतच होती. चौकट नुसती शोभेला होती.

चारच का, हे त्या रात्री दिवाणजींना समजावून सांगताना मलाही नीट समजलं. किराणा दुकानातली वजनं घ्या, पण १, २, ४, ८, १६ अशी, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. पारड्यात कोणतीही टाका, नुसती बेरीज सांगितली तरी कुठली वजनं ठेवली ते ओळखता येतं. २० म्हटलं की १६ आणि ४, दुसरं काही असूच शकत नाही. ऑटोइटनं चौकटीच्या प्रत्येक अवस्थेला असं एक वजन दिलंय: खूण १, धड हो नाही धड नाही नाही अशी मधली २, रिकामी ४, दिसतंय १६, लपवलंय ३२, चालू ६४, बंद १२८. एकाच आकड्यात सगळ्या सूचना बेरजेनं देता येतात. मग 'रिकामी' साठी शून्य का ठेवलं नाही? कारण पारड्यात काहीच टाकलं नाही, याचा अर्थ तिथे वेगळा आहे: 'काही बदलू नको'. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्यानंच मला दुसऱ्यांदा आपटलं.

हा खड्डा एकट्या ऑटोइटचा नाही. खुद्द विंडोजच्या आत चौकट रिकामी असेल तर ० मिळतो, खूण १, मधली २. तिथे माझी ओळ बिनतक्रार चालली असती. एक्सेलच्या पानावर फॉर्म कंट्रोलवाली चौकट टाकून मॅक्रोनं वाचा: खूण असेल तर १, नसेल तर उणे ४१४६. तिथेही नुसतं 'जर चौकट' लिहिणारा फसतो. आणि 'जर चौकट बरोबर ट्रू' लिहिणाराही फसतो, कारण तिथल्या भाषेत ट्रू म्हणजे उणे १, आणि चौकट सांगते अधिक १. वेबच्या फॉर्ममध्ये तर रिकामी चौकट सर्व्हरकडे जातच नाही, तिचं नावसुद्धा पोचत नाही. पायथन भाषेत खिडक्या करायच्या टीके-इंटरमध्ये साधी चौकट ० आणि १ देते, पण नव्या धाटणीच्या चौकटीला स्वतःचा व्हेरिएबल जोडला नाही तर ती सुरुवातीला मधल्या अवस्थेत उगवते. आपल्या डोळ्यांना पडद्यावर एकच रिकामा चौकोन दिसतो. आत प्रत्येक घरची रीत वेगळी.

दुरुस्ती अर्ध्या ओळीची: रीडचा आकडा १ च्या बरोबर आहे का, असं विचारायचं. अनुभवी लोक बिटअँड (बेरजेत एखादं वजन आहे का ते सांगणारं फंक्शन) लावून फक्त पहिलं वजन तपासतात. दोन्ही चालतं.

आता पैसे. प्रोग्राम सुरू होऊन १९ दिवस झाले होते. एवढे दिवस कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? एक तर बहुतेक गाड्या हमालच खाली करतात, तिथे कपात बरोबरच होती. दुसरं, पावतीवर मी ओलाव्याची घट आणि हमाली एकत्र करून 'कपात' असा एकच आकडा छापला होता. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भाव उतरतो आणि १२ च्या वर माल घेतच नाहीत, हे इथल्या शेतकऱ्याला पाठ असतं. खाजगीतही मीटर लागतोच. तेव्हा कपात दिसली की माणूस समजतो, ओलावा निघाला. आणि तिसरं, हे मला दिवाणजींनी खाली मान घालून सांगितलं: हमालांना पैसे मुकादमाच्या वहीप्रमाणे जात होते, आणि हमाली खात्यात रोज थोडी शिल्लक पडत होती. त्यांना वाटलं महिनाअखेर जुळेल.

आळशीपणाचा एकदाच फायदा झाला. प्रत्येक पावतीची एक ओळ मी मजकुराच्या फाइलमध्ये लिहीत होतो, आणि हमालीच्या रकान्यात 'हो/नाही' न लिहिता रीडनं दिलेला कच्चा आकडाच टाकत होतो. मुद्दाम नव्हे, बदलायचा कंटाळा केला म्हणून. त्यामुळे ४ असूनही कपात झालेल्या ओळी वेगळ्या काढता आल्या. २३ निघाल्या. पावणेतीन हजारांच्या आसपास रक्कम. दिवाणजींनी यादी भिंतीला लावली आणि माणसं येतील तसे पैसे परत दिले. काकांचे १२८ दुसऱ्या दिवशी गावातल्या दूधवाल्याच्या हाती पोचते केले.

प्रकरण इथे मिटलं असतं. तीन दिवसांनी ताई लग्नाला गावी गेली आणि काट्यावर दिवाणजींचा भाचा बसला. संध्याकाळपर्यंत पुन्हा दोन बंडीवाले भांडायला. घरच्यांनी खाली केली, तरी हमाली कापली.

या वेळी फाइलमधे ४ नव्हता, १ होता. म्हणजे प्रोग्रामच्या मते चौकटीत खरोखर खूण होती. भाचा शपथ घ्यायला तयार, मी केली नाही म्हणून. आणि त्याचं बरोबर होतं. पावती छापून झाली की पुढच्या गाडीसाठी खिडकी कोरी करायची, असं एक फंक्शन मी लिहिलं होतं. नाव पुसा, वजन पुसा, चौकटीला सेट-स्टेटनं शून्य द्या. शून्य म्हणजे काय? काही बदलू नको. मी समजत होतो खूण काढतोय, प्रोग्राम समजत होता आहे तसं राहू दे. पहिल्या गाडीची खूण दुसऱ्या गाडीच्या पदरात पडत होती.

मग ताईच्या वेळी हे का झालं नाही? ती परत आल्यावर विचारलं. ती म्हणाली, "दर गाडीले ते खूण मलेच काढा लागते ना सर. मले वाटलं, तसंच असते." एकोणीस दिवस माझ्या चुकीवर ती दर गाडीला माऊस फिरवत होती, आणि तक्रार करायची गोष्ट आहे हे तिच्या मनातही आलं नाही. मला हा भाग १२८ रुपयांपेक्षा जास्त लागला.

शून्याच्या जागी ४ टाकला. खूण उतरू लागली. पण आधीच्या १ वाल्या ओळींचं काय? ताईच्या हातूनही एखादी सुटली असेलच. तिथे फाइल काही सांगत नव्हती, म्हणून मुकादमाची वही मागवली. त्यात गाडीनंबर आणि पुढे उभ्या रेघा, पाच झाल्या की आडवी. बंडीला नंबर नसतो, तिथे 'गोरा बैल' किंवा गावाचं नाव. दोन रात्री बसून फाइल आणि वही जुळवली. आणखी ७ पावत्या चुकीच्या निघाल्या.

यानंतर चार दिवसांनी मुकादमाचा फोन. आता उलटं झालं होतं. हमालांनी गाड्या खाली केल्या, पण पावतीत हमाली कापलेलीच नाही, आणि दिवाणजी म्हणतात खात्यात पैसेच नाहीत तर देऊ कुठून. कारण साधं होतं: खिडकी आता कोरी होऊ लागली, आणि गर्दीत ताईकडून खूण करायची राहून जाऊ लागली. आधी विसरलं तर शेतकरी बुडायचा, आता विसरलं तर हमाल.

इथे मला पहिल्यांदा समजलं की मी स्क्रिप्टची ओळ दुरुस्त करत बसलो होतो आणि गडबड चौकटीतच होती. रिकामी चौकट दोन गोष्टी बोलते: 'घरच्यांनी खाली केली' आणि 'अजून विचारलंच नाही'. दोन्हींचा चेहरा एक. प्रोग्रामनं कितीही नीट वाचलं तरी त्याला फरक कळायचा नाही. काकांचा सवाल तोच होता, मी तो १२८ रुपयांचा समजलो.

मग चौकटीची ती मधली अवस्था आठवली, दोनच्या वजनाची. चौकट बनवताना ऑटो-थ्री-स्टेट ही स्टाइल द्यायची, सुरुवातीला मधल्या अवस्थेत ठेवायची, आणि रीड २ देत असेल तोवर सेव्ह होऊ द्यायचं नाही. कागदावर झकास. काट्यावर एक दिवसही टिकलं नाही. मधल्या अवस्थेत चौकटीत बारीक निळा चौकोन भरतो. ताईला तो भरलेला वाटला. "हे निळं झालं म्हंजे हो ना?" शिवाय या चौकटीचं चक्र ठरलेलं असतं: रिकामी, खूण, मधली, पुन्हा रिकामी. मधल्यावर एकदा दाबलं की खूण येत नाही, चौकट रिकामी होते. ती खूण करायला एकदा दाबायची आणि उमटायचं 'नाही'. सेव्ह पण व्हायचं, कारण आता २ नव्हता. माझ्या पहारेकऱ्यालाच मी किल्ली दिली होती.

शेवटी चौकट काढून टाकली. तिथे दोन गोल बटणं आली, रेडिओवाली: "जिनिंगचे हमाल" आणि "घरची माणसं". सुरुवातीला दोन्ही रिकामी. एकही निवडलं नाही तर पावती निघत नाही, वर मोठ्या अक्षरात विचारते: गाडी कोणी खाली केली? हे बसवताना आणखी एक गंमत झाली. "घरची माणसं" दाबलं की वर पैसे कसे द्यायचे त्याच्या गोल बटणांतलं "बँक खात्यात" आपोआप उतरायचं. ऑटोइट एका खिडकीतली सगळी गोल बटणं एकाच कुटुंबातली धरतं, तुम्ही मध्ये स्टार्ट-ग्रुप सांगून वाटणी करत नाही तोवर. ती ओळ टाकली आणि दोन्ही घरं वेगळी नांदू लागली. पावतीवर ओलाव्याची घट आणि हमाली वेगवेगळ्या ओळींत आणली. मॉनिटर खिडकीकडे थोडा वळवून ठेवला, म्हणजे बाहेरच्यालाही काय दाबलं ते दिसतं. हे शेवटचं मुकादमानं सुचवलं.

राहिलेल्या चौकटींचंही मग एकेक करून बघितलं. "पावतीची दुसरी प्रत" ही चौकटच ठेवली. तिथे विसरलं तर कागद परत निघतो, कोणाचं काही जात नाही. "कवडी मिसळलेली" काढली, तिथे टक्के टाकायचा रकाना केला, कारण कवडी असते की नसते असा प्रश्नच नसतो, किती असते हा असतो. "आधार दिला" याचीही दोन गोल बटणं झाली.

डिसेंबरात दुसऱ्या वेच्याचा कापूस घेऊन काका परत आले. या वेळी सोबत एकटाच मुलगा. दुपारी ताईचा फोन आला. मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"सर, त्या काकाच्या पोट्ट्यानं अर्धी बंडी खाली केली आन् त्याची कंबर धरली. बाकीची आपल्या हमालायनं केली. आता कोनतं दाबू?"

मी म्हटलं, सध्या दोन पावत्या कर, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. मागून काकांचा आवाज आला: "अर्धी कुठून धरतेत, ते इचार त्याले."